फुकटचा तानपुरा

पेण-रोह्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो, ढोल आणि जनरेटर एकाच टेम्पोत नांदतात. अशा मुलखातला गिटारवाला दुकानात विचारतो, ‘पॉवर सप्लाय जरा शांत मिळेल का?’ हौसेला मोल नाही, आणि मोल द्यायचंही नाही! पेडल हजारोंची, पण वीज पाजायला जुन्या राउटरचा अडॅप्टर. त्याच्या पिनेत बहुधा मधोमध धन, पेडलला हवा मधोमध ऋण. म्हणजे घरघरीआधी कधीकधी धूरच.

आपली वीज ५० हर्ट्झची. तिची डीसी करताना गाळण कच्ची राहिली की १०० हर्ट्झची घुमघुम उरते. सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा ‘जी’ ९८चा. म्हणजे तानपुरा फुकट, पण किंचित चढा. त्यात डिजिटल डिले आणि डिस्टॉर्शन ही पेडल वीज द्यायला एकाच वायरीत ओवली, तर डिलेची किणकिण डिस्टॉर्शन इमानाने मोठी करून ऐकवतं.

प्रत्येक पेडलला विलग आउटपुट देणारा सप्लाय महाग वाटतो? मग ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या, तिला घरघर ठाऊकच नाही. साध्या ओव्हरड्राइव्हला ती पुरते. ३०० मिलिअँपिअर खाणाऱ्या डिलेला लावलीत, तर पहिल्या आरतीलाच राम म्हणेल.