तिसऱ्या मजल्यावरचं जागरूक नाक

सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारनं पापलेटला ‘राज्य मासा’ म्हणून मान दिला. पापलेट म्हटलं की पहिलं नाव पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीचं, त्यामुळे तिथल्या बंदरावर आनंद झाला. ही बातमी पालघर-बोईसरच्या कॉम्प्लेक्सपर्यंत मात्र अजून पोहोचलेली दिसत नाही. तिथे लिफ्टच्या दारात राज्य माशाची झडती होते. ‘‘पिशवीत काय आहे? मग जिन्यानं जा ना.’’ शेकरू हा आपला राज्य प्राणी आणि हरियाल हा राज्य पक्षी. त्यांना कुणी जिना दाखवल्याचं ऐकिवात नाही.

झडती घेणारे तिसऱ्या मजल्यावरचे काका प्रत्येक कॉम्प्लेक्समध्ये असतात. ते कमिटीवर नसतात, कारण कमिटीवर गेलं की कामं करावी लागतात. काका फक्त लक्ष ठेवतात. कुणाकडे कुठलं पार्सल आलं, कुणाची मुलगी किती वाजता परतली, कुणाच्या कचऱ्यात काट्यांचं प्रमाण जास्त आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ. गच्चीवरची टाकी रात्रभर वाहते, तेवढी मात्र त्यांच्या नजरेतून सुटते.

चौथ्या मजल्यावर नवा भाडेकरू आला. रात्री डबा घेऊन बाहेर पडतो, सकाळी परततो, दिवसभर पडदे ओढून आत. काकांचा संशय पक्का झाला. मुलगा तारापूर एमआयडीसीत थर्ड शिफ्ट करतो. कंपनीची बस त्याला रोज गेटवर सोडते आणि बसवर कंपनीचं नाव हातभर अक्षरात आहे. पण काकांचं लक्ष पडद्यावर. पहिल्या मजल्यावरचा सातपाटीचा नाखवा जून-जुलैत घरी दिसला, तर ‘‘धंदा बुडाला वाटतं बिचाऱ्याचा’’ हे काकांनीच आधी सांगितलं. पावसाळी मासेमारी बंदी दरवर्षीच असते, हे त्यांना नाखव्यानंच सांगितलं असतं. पण विचारलं तर संशय टिकत नाही. म्हणून विचारायचं नाही, ग्रुपवर टाकायचं. एका माणसाचा पाठमोरा फोटो, खाली ‘हा इसम कोणाच्या ओळखीचा आहे का?’ मग डझनभर ‘सावध राहा’, आणि शेवटी दुसऱ्या मजल्यावरून उत्तर : ‘आमच्याकडे फ्रिज दुरुस्तीला आलाय.’

इथे क्षणभर हसणं बाजूला ठेवू. 16 एप्रिल 2020 च्या रात्री याच जिल्ह्यात, गडचिंचल्यात, दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. लॉकडाऊनमध्ये चोर फिरत असल्याच्या अफवा होत्या, गावोगावी पहारे बसले होते. पहारा राखणीसाठीच होता. कुणाचा पाठमोरा फोटो पुढे ढकलण्याआधी पालघर जिल्ह्यातल्या माणसानं तरी हे आठवावं.

आता काकांच्या नाकाकडे येऊ. गच्चीवर कुणीतरी मूठभर बोंबील वाळत घातले, तर काकांनी तीन पानी पत्र लिहिलं. त्यात 1960 च्या सहकारी संस्था कायद्याचा दाखला, उपनिबंधकांना प्रत, आणि खाली सही : ‘एक जागरूक रहिवासी’. मध्यरात्री एमआयडीसीच्या बाजूनं असा भपकारा येतो की डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. तेव्हा तेच नाक म्हणतं, ‘‘हवा बदलली वाटतं,’’ आणि खिडकी लावून घेतं. त्या वासाचं पत्र नाही. बोंबील वाळवणाऱ्याच्या दारात जाऊन ओरडता येतं, चिमणीच्या दारात वॉचमन उभा असतो.

कारखान्यांच्या त्या दारापर्यंत गेलं कोण? अखिल भारतीय मांगेला समाज परिषद. म्हणजे मच्छीमारांची संघटना, ज्यांच्या टोपलीचा वास काकांना खपत नाही, तीच माणसं. तारापूरचं सांडपाणी खाड्यांत आणि समुद्रात जातं, म्हणून त्यांनी 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला. वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. जानेवारी 2022 मध्ये लवादानं उद्योगांवर पर्यावरणीय भरपाईचा आदेश काढला. शेजाऱ्यावर लक्ष ठेवावं ते असं. शेजारी मोठा होता, त्याच्याकडे वकील होते, आणि तक्रारदारांनी आपलं नाव लपवलं नव्हतं.

तेव्हा काका, तुमच्याकडे वेळ आहे, वही आहे आणि नाक तर उत्तमच आहे. यापुढे वास आला की तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा टिपून ठेवा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय तारापूरलाच आहे, तीन पानं तिकडे पाठवा. फक्त खाली ‘एक जागरूक रहिवासी’ लिहू नका. नाव लिहा, फ्लॅट नंबर लिहा आणि सही करा.