आण्णांची कंट्रोल रूम

जून उजाडला की आमच्या पेठेतले आण्णा हवामान खात्याच्या खाली आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या जरा वर, अशा कुठल्यातरी पदावर आपोआप रुजू होतात. एरवी ते सायकली दुरुस्त करतात.

पंचगंगेच्या काठच्या कोल्हापूरकराला दोन आकडे झोपेतही सांगता येतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. आण्णांना इंचही पाठ असतात. सकाळी आपत्ती कक्षाचा मेसेज आला, की चहाचा कप हातात घेऊन ते कट्ट्यावरून मोठ्यानं वाचतात, “छत्तीस फूट चार इंच! पाण्याखाली गेलेले बंधारे: राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ...” हे सगळं मंगलाष्टकाच्या चालीत. राधानगरीचा दरवाजा उघडल्याचं वाचलं, की मात्र कप खाली. धरणाचे ते सात दरवाजे स्वयंचलित. पाणी ठरल्या पातळीला टेकलं की आपणहून उघडतात आणि एकेकातून १४२८ क्युसेक सुटतं. “सरकारी खात्यात कुणी न सांगता काम करणारे सातच,” आण्णा म्हणतात, “आन् ते सगळे राधानगरीला हाईत.”

सरकारच्या आकड्यांवर त्यांचा पूर्ण भरवसा. भाषेवर अजिबात नाही. ‘नागरिकांनी सतर्क राहावे’ एवढं वाचलं की त्यांचं डोकं फिरतं. “सतर्क ऱ्हाऊन करायचं काय? हुबं ऱ्हाऊ का बसू?” मग पुढचं खातं ते स्वतः चालवतात. पाणी जामदार क्लबापाशी आलं, की खालच्या गल्लीतल्या गाड्या वर. त्याच्या पुढं सरकलं, की सिलिंडर माडीवर, रेशनकार्ड आणि सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी घरातल्या सगळ्यात भांडखोर बाईच्या ताब्यात. या कोष्टकावर कुणाचा सही-शिक्का नाही. तरी फ्रिजखाली विटा रचायच्या का, हे गल्लीतल्या वैनी कंट्रोल रूमच्या १०७७ ला फोन करून विचारत नाहीत, आण्णांना विचारतात. आणि माझ्या मते बरोबरच करतात. बंधाऱ्यावरचे फूट आपल्या उंबऱ्यावर किती, हे कंट्रोल रूमनं कुठून सांगावं?

ऑरेंज अलर्टच्या दिवशी नेमकं कडक ऊन पडतं. पोरं ओरडतात, “आण्णा, छत्री इसरला!” त्या दिवशी दुकान लवकर बंद होतं.

२०२३ मध्ये दूरसंचार विभागानं आपत्कालीन संदेशाची चाचणी घेतली, तेव्हा तर कहरच झाला. सगळ्यांचे फोन एकदम भोंग्यासारखे बोंबलले. आण्णांनी पाना टाकला, हात पुसले, चष्मा शोधला, पोरांना गप्प केलं आणि वाचलं: हा चाचणी संदेश आहे, आपल्याला काहीही करायचं नाही. “एवढा बोंबललास,” ते फोनला म्हणाले, “आन् सांगतोस काय, तर काय बी करू नका!” दिवसभर येईल त्या गिऱ्हाइकाला हा अपमान ऐकावा लागला.

पण २०१९ चा ऑगस्ट आठवला की आम्ही आण्णांना फार चिडवत नाही. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. स्थलांतराचं आवाहन करत रिक्षा फिरून गेली, तरी कोपऱ्यावरच्या मावशी हलेनात. “२००५ ला पायरीपातूर आलेलं, त्याच्या वर येत न्हाई,” हा त्यांचा मुद्दा. नदीकाठची माणसं मागचा पूर हीच पुराची हद्द धरतात, हे कुठल्याच पत्रकाला उमगलेलं नाही. आण्णा गुडघाभर पाण्यातून गेले. फूट, इंच, क्युसेक, काही बोलले नाहीत. “मावशी, नातसुनेला घेतलेली पैठणी खालच्याच ट्रंकेत हाय न्हवं?” पाच मिनिटांत मावशी ट्रंकेसकट बाहेर. वाटेत म्हणाल्या, “हे रिक्षावाल्याला सांगता येत न्हवतं व्हय?”

यंदाही रोजचं वाचन सुरू आहे. ‘पूर पाहण्यासाठी नदीकाठी गर्दी करू नये’ ही सूचना ते सगळ्यात वरच्या पट्टीत वाचतात, दोनदा. संध्याकाळी शिवाजी पुलाजवळच्या गर्दीत मला ते सापडले. छत्री, बॅटरी, खिशात भाजलेल्या शेंगा. मी नुसतं बघितलं.

“गर्दी ही बाकीची हाय,” आण्णा म्हणाले. “मी पाहणीला आलोय.”