नऊ बारचा निसर्ग

कासजवळ तंबू ठोकून एस्प्रेसो काढणाऱ्यांना हसणे हे निव्वळ अज्ञान आहे. पठाराच्या सुमारे 1,200 मीटर उंचीवर पाणी साधारण 96 अंशांनाच उकळते आणि एस्प्रेसोला त्याहून गरम पाणी सोसत नाही. सह्याद्री एवढा उंच का, हे भूगर्भशास्त्राला आता तरी कळावे. आक्षेप असा, की टपरीवर चहा मिळतोच. मिळतो, पण त्याला ना ग्रॅमचा काटा लागतो ना हाताने फिरवायचा ग्राइंडर, मग निसर्गाशी एकरूप व्हायचे कसे? राहिला एस्प्रेसोला लागणारा नऊ बारचा दाब. त्याला पाण्याची सुमारे 92 मीटर उंची पुरते आणि कोयना धरण तर 103 मीटरचे! शासनाने तळाशी फक्त एक गाळणी बसवावी. म्हणजे विसर्ग वाढवण्यापूर्वी सांगलीकरांना निदान विचारता तरी येईल : साखर किती?