जिन्याच्या कारभारीणबाई

श्टुटगार्ट हे शहर डोंगरउतारांच्या खोलगट वेढ्यात वसलेले असल्यामुळे तेथील रहिवाशांच्या आयुष्याचा बराचसा भाग पायऱ्या चढण्यात खर्ची पडतो. नुसते सार्वजनिक जिनेच चारशेहून अधिक आहेत, आणि मोटारींच्या किंवा त्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी धरून पुण्याहून येऊन थडकलेल्या मराठी अभियंत्याची अशी समजूत असते, की एवढ्या पायऱ्या चढून घराचे दार गाठले म्हणजे चढण संपली. वस्तुतः खरा जिना दाराच्या आत असतो, आणि त्याच्या पायथ्याशी, तळमजल्यावर, त्या जिन्याच्या कारभारीणबाई राहत असतात.

या बाई घरमालकीण नसतात, हे प्रथमतः ध्यानात घ्यावे. मालक दूर कोठेतरी असतो आणि भाडे वेळेवर जमा झाले की तृप्त असतो. बाई तुमच्याआमच्यासारख्या भाडेकरूच. परंतु एकाच दारामागे हयात काढल्यामुळे त्यांना जो अंमल प्राप्त झालेला असतो, तो कोणत्याही सनदेवाचून चालतो. सत्तरी उलटलेली, केस आखूड, कपड्यांवर बिनबाह्यांचा फुलाफुलांचा ओव्हरऑल, आणि दाराला एक बारीकसे भिंग, ज्यातून येणाऱ्याजाणाऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या बुटांचे तळवे अधिक न्याहाळले जात असावेत, असा आमचा तर्क आहे.

आम्हांस मिळालेली जागा अगदी छपराखालची. तिच्या भिंती छातीइतक्या उंचीपर्यंत सरळ येऊन पुढे एकाएकी आत झुकत, त्यामुळे खोलीच्या मध्यभागी ताठ उभा असलेला मनुष्य खिडकीपाशी जाताच अत्यंत विनम्र होई. तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत भरून झाली. ताबा देताना मालकाच्या मुखत्याराने भिंतीतील खिळ्यांच्या भोकांसुद्धा सर्व वस्तुस्थितीचा रीतसर पंचनामा केला. आणि मग, जागा पाहायला आलो तेव्हा ज्या स्वयंपाकघरावर आमचे मन बसले होते, त्यात पाऊल टाकले, तो आत नळाची दोन उघडी तोंडे आणि भिंतीतून डोकावणारी विजेची तार! ओटा, शेगडी, फडताळे, फार काय भांडी घासण्याचे सिंकदेखील आधीचा भाडेकरू उचकटून घेऊन गेला होता. हा दरोडा नसून शिरस्ता आहे, हे ज्ञान आम्हांस तळमजल्यावरून प्राप्त झाले.

पुढच्याच आठवड्यात आमच्या दाराच्या मुठीला एक पाटी लटकली: केअरवोख, अर्थात झाडलोटीचा आठवडा. हिच्यात दोन प्रकार. धाकटीत आपल्या मजल्यापुरता जिना. थोरलीत प्रवेशद्वार, तळघर, अंगण आणि रस्त्याकडेचा पदपथ, हिवाळ्यात बर्फासह. ट्युबिंगनचे विद्यापीठ 1477 मध्ये स्थापन करणाऱ्या दाढीवाल्या एबरहार्डच्याच कारकिर्दीत, 1492 साली, श्टुटगार्टच्या नागरिकांस आपापली घाण दर आठवड्यास गावाबाहेर नेण्याचे फर्मान निघाले, आणि त्या विद्याप्रेमी राजपुरुषाच्या दोन देणग्यांपैकी बाईंच्या लेखी टिकाऊ एवढी एकच. 1988 साली नगरपालिकेने ही सक्ती आपल्या नियमावलीतून काढून टाकली. ती वर्दी तळमजल्यापर्यंत पोहोचलीच नाही, किंवा पोहोचूनही दाखल करून घेण्यात आली नाही. शिवाय भाडेकरारांत ते कलम शाबूत आहेच.

मात्र जिना स्वच्छ असणे आणि झाडलोट होणे या दोन सर्वस्वी भिन्न बाबी होत. मध्यरात्री कोणी संगमरवर चमकवून ठेवला तरी बाईंच्या दफ्तरी त्याची नोंद शून्य. म्हणून जाणते भाडेकरू शनिवारी सकाळी पत्र्याची बादली प्रत्येक वळणावर ठणकन आपटत खाली उतरतात. (आमच्या मते हा दांभिकपणा नव्हे. लोककार्य लोकांच्या कानी पडले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.)

आमच्या फोडणीच्या वासाबद्दल तक्रार येणार, या भीतीने आम्ही हिंग जपून वापरत होतो. तक्रार आली, परंतु वासाची नव्हे, वाफेची! हिंग कितीही घाला, पण भर थंडीतही दिवसातून दोनतीनदा खिडक्या सताड उघडून घरातली हवा बदला, नाहीतर भिंतीला बुरशी धरेल आणि अनामतीला कात्री लागेल, असे बाईंनी बजावले. त्या दिवसापासून आम्ही हिंग सढळ हाताने आणि लोकरीचे कानटोपे घालून वापरू लागलो.

श्वाबेन प्रांतात न रागावणे हीच पुरेशी स्तुती मानतात. त्या हिशेबाने, पुढे कित्येक महिने बाई आमच्याशी एक अक्षरही बोलल्या नाहीत, तेव्हा आमचा तेथे जाहीर सत्कारच चालला होता म्हणायचा. तोंडओळख वाढली ती आमच्या समोरच्या जागेत हांबुर्गहून एक तरुण राहावयास आला तेव्हा. शनिवार उलटून गेला, रविवारी त्याने भर दुपारी रिकाम्या बाटल्या खळखळत नेल्या, आणि पाटीबद्दल विचारता, ही कसली पाटी, असा त्याने उलट प्रश्न केला.

त्या संध्याकाळी कठड्याला धरून, प्रत्येक पायरी निरखत, बाई सगळे मजले चढून आमच्या दारात आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "बाहेरची माणसं ही! आपल्याकडची रीत त्यांना कुठून ठाऊक असणार?"

आम्ही गहिवरून मान डोलावली. तेवढ्यात त्यांनी त्याच्या मुठीची पाटी काढून आमच्या मुठीला अडकवली.