माशी शिंकली कुठं?

“बाई, तुमच्याकडं पण झाल्या का हो?”

कुंपणाच्या तारेवर गोधडी टाकता टाकता काकूंनी विचारलं. कशाबद्दल, ते विचारायची गरज नव्हती. पितृपंधरवड्यातल्या त्या आठवड्यात आमच्या गल्लीत दुसरा विषयच नव्हता. लासलगावला कांद्याचा काय भाव निघाला हेसुद्धा कुणी विचारीत नव्हतं.

“झाल्या का म्हणजे? काल सासऱ्यांचं पित्र होतं. कावळ्याला दहा वाजल्यापासून हाका मारतोय तर तो येईना, आणि ह्या न बोलावता पंगतीला! ह्यांनी डाव्या हाताने खिरीची वाटी झाकून धरली आणि उजव्या हाताने जेवले.”

“आमचे नाना तर आमटीतली मोहरी समजून...” काकू थांबल्या. “जाऊ द्या. सकाळी सकाळी नको.”

मग इकडंतिकडं बघून त्यांचा आवाज खाली आला. “रागावू नका बाई, पण तुमच्या माळ्यावर काही मेलंबिलं तर नाही ना? उंदीर, घूस?”

कुंपणावरून ‘रागावू नका’ आलं की मागोमाग आरोप येतो. आणि माश्या कुणाच्याही स्वतःच्या घरच्या कधीच नसतात. समोरचे म्हणतात, गटारीच्या. गटारीकाठचे म्हणतात, भजीवाल्याच्या. भजीवाला म्हणतो, स्टँडाकडून येतात. मीही मग सहज, अगदी सहज, काकूंच्या गोठ्याकडे नजर टाकली. त्यांनी ती बरोब्बर पकडली.

“आमचं शेण रोजच्या रोज उचललं जातं हं.”

ते खरं होतं. त्यांच्याकडे आता दोनच गायी राहिल्यात. जेवढं शेण पडतं तेवढ्याच्या गोवऱ्या थापून भिंतीला लागतात आणि वाळून जातात. वाळलेल्या शेणात अळी काही जगत नाही. पण माळ्याचा डाग माझ्यावर राहिलाच होता. जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलेला, तेव्हा पुरावा दिल्याशिवाय चैन पडेना. ओट्यावर बसलेल्या एकीवर काचेचा पेला उपडा टाकला, खालून पोस्टकार्ड सरकवलं आणि तशीच कुंपणापाशी घेऊन आले.

“हे बघा. मेलेल्या जनावरावरची माशी अंगाने मोठी असते. निळी नाहीतर हिरवी, चकचकीत, आणि घोंघावते केवढी! ही बघा, करडी. पाठीवर चार काळ्या उभ्या रेघा दिसतात? ही साधी घरमाशी. माळ्यावर काही मेलेलं नाही आमच्या.”

काकूंनी चष्मा कपाळावर चढवून पेल्याला नाक लावलं. माशी काचेला चिकटून पुढचे दोन पाय एकमेकांवर घासत होती.

“हात कशी चोळती मेली, सावकारासारखी!”

“चव तिला पायांनी कळते काकू. म्हणून पाय साफ करते, पुढच्या पदार्थाची चव नीट लागावी म्हणून. आणि दात नाहीत. पोळीवर बसली की आधी लाळ ओकते, विरघळेल तेवढं शोषून घेते. मागच्या जागी पायाला लागलेलं असेल तेही तिथंच ठेवून जाते.”

“मंग मी आता दुपारी जेवू का नको?”

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून दूध घेऊन जाताना थांबली. तिच्याकडे पाण्याच्या पिशव्या टांगल्या होत्या, प्लास्टिकच्या, आत रुपयाचं नाणं टाकलेल्या. मिठाईवाल्यांकडे असतात तशा. पिशवीत माशीला स्वतःचंच मोठं रूप दिसतं आणि ती पळते, असं तिला कुणीतरी सांगितलेलं. “मग पळाल्या का?” म्हटलं तर ती हसायलाच लागली. दोन माश्या पिशवीवरच बसल्या होत्या म्हणे. तिच्या सासूबाई कापूर जाळतात, सासरे मच्छर मारायची बॅट घेऊन अंगणात टेनिस खेळतात. माझा उपाय असा होता की जेवायच्या जागी टेबलफॅन लावायचा. माशीला वाऱ्यात नीट उतरता येत नाही, त्यामुळे जेवण तरी निवांत होतं. आणि रात्री त्या छतावर, ट्यूबलाइटच्या वायरीवर, टांगलेल्या दोरीवर झोपतात, वायरीवरचे बारीक काळे ठिपके त्याचीच खूण, तेव्हा चिकट पट्टी टांगायची ती तिथंच, वायरीशेजारी. सकाळी पट्टी काळी झालेली असायची. समाधान वाटायचं. नऊ वाजेपर्यंत तितक्याच पुन्हा हजर.

सून गेल्यावर काकूंनी पदराआडून एक बाटली काढली. अर्धी, लेबल निघालेली. द्राक्षबागेच्या शेडमध्ये कुठंतरी मागं पडलेली.

“नाना म्हणाले, ह्याचं झाकणभर पाण्यात टाकून पोछा मारा. जुनं औषध आहे, एकही राहत नाही.”

झाकण न उघडताच वास आला. डायक्लोरव्हॉस. शेतकऱ्यांच्या तोंडी त्याचं दुसरंच नाव आहे, आणि एके काळी ढेकणापासून माशीपर्यंत सगळ्यावर तेच फवारायचे. २०२० च्या ३१ डिसेंबरपासून देशात त्यावर बंदी आहे. आणि काकूंचा नातू अजून रांगतो, फरशीवर पडलेलं सगळं तोंडात घालतो.

“काकू, हे ह्या घरात नको. माझ्या तर नकोच.”

“एवढं वाईट असतं?”

“वाईट तर आहेच. आणि उपयोगही किती दिवस? डीडीटीचं नाव ऐकलंय ना? किडे मारण्याचा त्याचा गुण शोधला म्हणून म्यूलरसाहेबांना १९४८ साली नोबेल मिळालं. आणि तिकडे स्वीडन-इटलीत माश्या त्याच्या आधीच डीडीटी पचवायला लागल्या होत्या. साहेबाला बक्षीस मिळेपर्यंत माशी पुढच्या वर्गात!”

काकूंनी बाटली परत पदराआड घेतली. ती पुन्हा शेडमध्येच जाणार हे मला दिसत होतं, पण एका सकाळी किती भांडायचं. शिवाय माझ्या डोक्यात दुसराच हिशोब चालू होता.

“काकू, मला एक सांगा. परवा-तेरवापर्यंत घरात चार-दोन होत्या. एकदम एवढ्या कशा?”

“तेच म्हणते मी!”

“एकदम दिसल्या म्हणजे एकदम जन्मल्या. एक माशी एका वेळेला शंभर-सव्वाशे अंडी घालते, कण्या सांडल्यासारखी पांढरी. ह्या दिवसांत, ऊन आहे, मधूनच सर पडते, तर आठ-दहा दिवसांत अंड्याची अळी, अळीचा तपकिरी कोष, कोषातून माशी. म्हणजे तेवढे दिवस मागं इथं जवळपास काहीतरी ओलं, गरम, कुजणारं, आणि चांगलं ढीगभर पडलं असणार. ओट्याखालच्या डब्यातून गल्लीभर माश्या निघत नाहीत.”

काकू बोटं मोजायला लागल्या. “म्हणजे गौरी उठल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी...”

आणि त्या गप्प झाल्या. काकू गप्प होणं ही आमच्या गल्लीत बातमी असते.

मला कळलं, कारण ते दोन ट्रक मीही पाहिले होते. गल्लीच्या मागं, ओहोळ ओलांडला की नानांचा थॉमसनचा प्लॉट. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलेली, त्याआधी वेलीच्या बुडाशी खत भरायचं म्हणून नानांनी कोंबडीखत आणलं होतं आणि बांधावर रिचवलं होतं. सगळेच आणतात. गायी कमी झाल्या, शेणखत मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही. कोंबडीखतात नत्रही शेणापेक्षा जास्त. पोल्ट्रीवाल्याला ते उचलून हवं असतं आणि बागवाल्याला हवं असतं, त्यामुळे सप्टेंबरात निफाडच्या ज्या रस्त्याला जावं तिथं बांधावर हे ढीग. भाताच्या तुसावर वाढलेल्या कोंबड्यांचं निदान कोरडं तरी असतं. पिंजऱ्याखालचं अंड्याच्या कोंबड्यांचं ओलंचिंब, आणि त्यावर दोन सरी आल्या की माशीला आणखी काय हवं?

पण हे काकूंना तोंडावर कसं सांगायचं? फेब्रुवारीत ह्याच प्लॉटातली पाटी भरून द्राक्षं ह्याच कुंपणावरून आमच्याकडे येतात. अवकाळी आली, गारा पडल्या त्या वर्षी नाना ओसरीवर नुसते बसून होते, तेही इथूनच दिसलंय. ज्याच्या बागेवर गावाचं पोट, त्याच्या खताच्या ढिगाबद्दल तक्रार करायला तोंड उघडत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचनांत पोल्ट्री वस्तीपासून ५०० मीटर लांब असावी असं आहे. पण पोल्ट्री लांब ठेवली तरी तिचं खत ट्रकात बसून वस्तीत येतंच. माशी तर तेवढं अंतर स्वतःही सहज उडते.

“माझी भाची फुरसुंगीला दिलीये,” काकू एकदम म्हणाल्या. “पुण्याचा कचरा जायचा ना त्यांच्याकडं. पाव्हणे आले की ताटावर ताट उपडं घालायची म्हणे. मी तिला हसायचे.” एवढं बोलून त्या आत गेल्या. कबुली म्हणायची तर ती एवढीच.

संध्याकाळी नाना मोटर बंद करून आले. ओहोळापाशीच गाठ पडली. मी माश्यांचं नावसुद्धा काढलं नाही.

“नाना, खत चांगलं मिळालं वाटतं यंदा.”

“चांगलं म्हणजे! बाई, जवळ गेलं की डोळे चुरचुरतात, एवढं कडक आहे.”

“ते डोळ्यांना झोंबतं ना, तो अमोनिया. तुमचं नत्रच आहे ते. पैसे वेलीसाठी मोजलेत आणि जातंय हवेत.”

नाना थांबले. माश्या, वास, शेजारी, आजार, यांतल्या कशानेही ते थांबले नसते. पैसे हवेत जाताहेत म्हटल्यावर पायातली चप्पलसुद्धा हलली नाही.

“मंग करायचं काय?”

“ढीग आटोपशीर करा, उंच करा, मध्ये थोडं उसाचं पाचट नाहीतर वाळलेली काडी घाला. वरून घट्ट झाका, पाऊस आत जाता कामा नये. आतून तापेल, कुजेल. कच्चंच वेलीला दिलं तर पांढरी मुळी जळते, हे तुम्हाला मी काय सांगायचं.”

“ते ठाऊक आहे,” नाना म्हणाले, म्हणजे ठाऊक होतं पण छाटणीची घाई होती. “शेततळ्याचा जुना कागद पडलाय शेडात. फाटलाय, पण दुहेरी केला तर होईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघायला गेले. दोन माणसांनी ढीग ओढून एका जागी केला होता. फावडं घातलं की आतून वाफ येई आणि वाफेबरोबर पांढऱ्या अळ्या, तांदूळ उतू गेल्यासारख्या, कडेकडेला पळत. वरच्या थराखाली हात धरवत नव्हता. एवढ्या धगीत अळी टिकत नाही, कोष करायला ती बाहेरच्या कोरड्या जागेत येते. नानांनी काळा कागद पसरला, कडा चरात दाबल्या, वर माती ओढली. काकूंनी त्यांच्या चार गावरान कोंबड्या सोडल्या. त्या कागदाच्या कडेने अशा फिरल्या की पोल्ट्रीतल्या बहिणींचा सगळा हिशोब त्यांनीच चुकता केला.

“आता उद्यापासून बंद?” काकू.

“नाही. ज्यांचे कोष मातीत झालेत त्या निघणारच. आठवडाभर फॅन आणि पट्टी चालू ठेवा. ताटं झाकून ठेवा, लेकराचा हात धुवत जा.”

आठवडा तसा वाईटच गेला. सर्वपित्रीला एका घरी जेवायला गेलो तर तिथं यजमानीण पाहुण्यांना वाढण्याऐवजी वारा घालत उभी. पण नवरात्र बसलं तेव्हा वायरीवरच्या पट्टीला सकाळी पाच-सहाच चिकटलेल्या दिसल्या. त्या तर बारा महिने असतात. मध्यंतरी पलीकडच्या गल्लीत एकांकडे खरोखरच निळ्या माश्या निघाल्या, माळ्यावर घूस मेलेली. ही बातमी काकूंनी इतक्या आनंदाने सांगितली की जणू त्यांनीच ती शोधून काढली. खरं म्हणजे त्यांनीच काढली, पेला घेऊन गेल्या होत्या.

ढीग झाकल्याचं मात्र नानांनी वेगळ्याच शब्दांत गावभर केलं. बैठकीत, सोसायटीत, औषधाच्या दुकानात, जो भेटेल त्याला “नत्र राखायचं असेल तर कागद टाका” म्हणून. माश्यांचा उल्लेख नाही. ओहोळापलीकडच्या दोन प्लॉटवाल्यांनी लगेच झाकलंही.

“पण बाई, एक घोटाळा झाला,” काकू परवा म्हणाल्या. “आमच्या कागदाला मधे भोक पडलंय, तिथनं पाणी जातं. नाना दुसरा आणायला गेले. तळ्याचा फाटका कागद मागच्या महिन्यापर्यंत ‘उचलून न्या एकदाचा’ म्हणून लोक मागं लागायचे. आता म्हणे मीटरवर विकताहेत. आणि नानांना सांगतात कसे, फाटका नाही हो, नत्र राखायचा कागद आहे!”