एवढं सेव्ह करून आलोच

रात्री पावणेअकराला समोरच्या विंगमधल्या एखाद्या हॉलचा दिवा बंद असतो, पण भिंतीवर निळा-तांबडा उजेड नाचत असतो. अशा वेळी दोनच शक्यता. एक तर घरात कुणी वेब सिरीज बघतंय, नाही तर संसारी गेमर नुकताच गादीवर बसला आहे. दोघांतला फरक ओळखणं सोपं असतं. सिरीजवाला आवाज मोठा ठेवतो, खदाखदा हसतो, मध्येच उठून फ्रिज उघडतो. संसारी गेमर हेडफोन एकाच कानावर लावतो. दुसरा कान बेडरूमच्या दाराकडे असतो. पडद्यावर ड्रॅगन आग ओकत असला तरी हा त्याला घाबरत नाही, दचकतो तो आतल्या कडीच्या आवाजाने.

वय बेचाळीसच्या आसपास. आयटीत बऱ्यापैकी हुद्दा, फ्लॅटचे हप्ते निम्म्यावर आलेले, गुडघ्यांनी नुकतंच तोंड उघडलेलं. हाताखाली डझनभर माणसं, आणि त्यांना हा दिवसभर प्रायॉरिटी म्हणजे काय ते समजावत असतो. साहेब रात्री काय करतात याचा त्यांच्यापैकी कुणालाही पत्ता नाही. लग्नाच्या बायोडाटात त्याने छंद म्हणून वाचन आणि ट्रेकिंग लिहिलं होतं. वहिनींनी तो कागद जपून ठेवला आहे, प्रेमाने नव्हे, पुरावा म्हणून.

या जमातीचं मूळ नव्वदच्या दशकातल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सापडतं. गल्लीतल्या एकाच घरी टीव्हीला जोडायचा गेम असे. त्याची कॅसेट पिवळी, वर '९९९९९९ इन वन' असं छापलेलं आणि आत तेच सात-आठ गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. चालली नाही की कॅसेटमध्ये फुंकर मारायची. निन्टेन्डोने १९८३ साली जपानात काढलेल्या फॅमिकॉमची ती नक्कल होती, हे त्याला फार उशिरा कळलं. तोवर ती 'काकांनी दुबईहून आणलेली' होती आणि तिचा मान तसाच होता. 'कॉन्ट्रा'मध्ये तीस जीव मिळवायचा मंत्र, म्हणजे वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, हा त्याला आजही झोपेत उठवून विचारा, घडाघडा म्हणेल. मुलगा सहावीच्या कुठल्या तुकडीत आहे हे मात्र पालकसभेच्या रजिस्टरवर सही करताना वहिनींना फोन करून विचारावं लागतं. पुढे हॉस्टेलवर लॅन टाकून 'काउंटर-स्ट्राइक' आणि 'एज ऑफ एम्पायर्स' झालं. तेव्हा खेळायला वेळ कसा काढायचा हा प्रश्न नव्हता, अभ्यासाला कसा काढायचा हा होता.

आता तो म्हणतो, वेळच मिळत नाही. पण खरं दुखणं वेगळं आहे. वेळ सगळेच घालवतात, बाकीच्यांनी त्याला बरी नावं दिलेली आहेत इतकंच. याच सोसायटीतले एक गृहस्थ रविवारी पहाटे उठून सिंहगडावर जातात आणि पिठलं-भाकरी, भजी, मडक्यातलं दही असं सगळं रिचवून खाली येतात. त्याला फिटनेस म्हणतात. दुसरे पाच-पाच दिवस कसोटी सामना बघतात आणि तो अनिर्णित राहिला की समाधानाने मान डोलावतात. त्याला क्रिकेटची जाण म्हणतात. तिसऱ्यांकडे दर शनिवारी रमीचा अड्डा जमतो, ते 'आमचा ग्रुप'. यांच्यापैकी कुणालाही 'या वयात?' असं कुणी विचारत नाही. याच्या वाट्याला मात्र 'पोरखेळ' हा एकच शब्द येतो.

म्हणून खेळायला बसायच्या आधी तो बचावाचं भाषण तयार ठेवतो. खेळाने ताण हलका होतो. रिफ्लेक्स तरतरीत राहतात. मुलाबरोबर क्वालिटी टाइम मिळतो. हल्लीच्या गेममधली गोष्ट सिनेमाच्या तोंडात मारेल अशी असते. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स या स्टुडिओने २०२० साली 'राजी' नावाचा गेम काढला, त्यात एक मुलगी भावाला सोडवायला असुरांशी लढते, देव-देवता तिच्या पाठीशी असतात. थोडक्यात, हा सांस्कृतिक विषय आहे. हे शेवटचं कलम खास आईसाठी. आई शांतपणे ऐकून घेते आणि म्हणते, "बरं, मग आधी दळण आणून दे."

प्लेस्टेशन फाइव्ह भारतात आलं २ फेब्रुवारी २०२१ ला, किंमत ४९,९९० रुपये. एवढी रक्कम घरच्या बजेटात बसवायला त्याने जी बुद्धी खर्च केली, ती ऑफिसात केली असती तर एव्हाना सिंगापूरला बदली झाली असती. मुलांसाठी म्हणावं, तर मुलांनी काही मागितलंच नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी तो वहिनींना म्हणाला, "आपल्या लग्नाची डीव्हीडी किती वर्षांत बघितली नाही गं. घरात प्लेअरच राहिला नाही. या यंत्रावर डीव्हीडीही चालते." वहिनी क्षणभर हळव्या झाल्या. तेवढ्यात ऑर्डर गेली. डीव्हीडी अजून माळ्यावरच्या सुटकेसमध्ये आहे. दर लग्नाच्या वाढदिवशी वहिनी फक्त एकदा माळ्याकडे बघतात.

यंत्र आलं, आता वेळ. संसारी गेमर वेळ मागत नाही, कमावतो. शनिवारी सकाळी आईला दाताच्या डॉक्टरकडे नेऊन आणतो, दुपारी मेहुणीला स्टेशनवरून घेऊन येतो, जेवणं झाल्यावर कुणी न सांगता ओटा पुसतो. सासुरवाडीला जायचं निघालं की बॅग सगळ्यात आधी त्याची भरलेली असते. हे सगळं पुण्य खात्यावर जमा होतं आणि रात्री दोन तासांची रक्कम काढायची असते. अडचण एवढीच की खातेदाराचा डाव वहिनींना पाठ आहे. त्याने सांगितल्याशिवाय भांडी लावायला घेतली की त्या विचारतात, "आज कुठला नवीन आलाय?"

मग धाकटीला झोपवण्याचं काम. इतर रात्री राजा शिकारीला जातो, वाट चुकतो, त्याला म्हातारी भेटते. शनिवारी तो पहिल्याच वाक्यात मरतो. "आणि राणी?" "तीही." "आणि राजपुत्र?" "तो झोपला. तूही झोप." धाकटी वकिलाच्या चिकाटीने टक्क जागी असते. अशा वेळी निम्म्या शनिवारी आधी तोच घोरायला लागतो आणि ती हळूच उठून आजीकडे जाते.

उरलेल्या शनिवारी तो खरोखर सोफ्यावर पोचतो. कंट्रोलर हातात घेतो. पडद्यावर पाटी येते: नवीन अपडेट उतरवत आहे. पुढे एक रेघ आणि शिल्लक वेळ सत्तेचाळीस मिनिटं. हा उठत नाही. उठला तर कुणी तरी काम सांगेल. तो त्या रेघेकडे बघत बसतो. रेघ संपेपर्यंत साडेअकरा वाजतात आणि गेम सुरू होतो. आता नवीच पंचाईत. मागे खेळून महिना उलटलेला आहे. 'रेड डेड रिडेम्प्शन टू'मधला १८९९ सालचा अमेरिकन मुलूख समोर पसरलाय, आपण घोड्यावर आहोत, शेजारी आणखी दोघं घोडेस्वार. पण घोडा कुणाचा, हे दोघं सोबती की शत्रू, आणि आपण कुणाचा सूड घ्यायला निघालो होतो, यातलं काहीही आठवत नाही. कुठल्या बटणाने काय होतं तेही नाही. सभ्यपणे वाटेतल्या एका इसमाला रामराम घालावा म्हणून बटण दाबावं, तर पिस्तूल रोखलं जातं. तो इसम ओरडतो, गावचा शेरीफ मागे लागतो, आणि ज्या शांततेसाठी दिवसभर ओटा पुसला ती रात्र पोलिसांपासून पळण्यात जाते.

त्याहून अवघड प्रसंग म्हणजे २०२२ साली आलेला 'एल्डन रिंग'. यातल्या राक्षसांबद्दल जगभर बोललं जातं. पण संसारी माणसाला त्यातली खरी भीती वेगळी आहे: या गेमला पॉजच नाही. म्हणजे लढाई चालू असताना आतून हाक आली तर जग थांबत नाही.

"अरे, दूध उतू जाईल, गॅस बंद कर."

"हे थांबवता येत नाही गं!"

"थांबवता येत नाही? अरे, डेक्कन क्वीनसुद्धा साखळी ओढली की थांबते."

यावर त्याच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं एकच उत्तर आहे: "एवढं सेव्ह करून आलोच." हा 'आलोच' किती लांबीचा असतो हे वहिनींनी अनुभवाने ठरवून टाकलं आहे. त्या स्वतः उठून गॅस बंद करतात, पण दूध उतू गेलं असं सांगतात. ओटा पुन्हा पुसायला तोच येतो.

याउलट विकत घेण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात सेल लागतात. सत्तर टक्के सूट दिसली की हा घेऊन ठेवतो, आज ना उद्या खेळूच म्हणून. 'विचर थ्री' हा २०१५ सालचा गेम त्याने दोनदा विकत घेतला आहे, एकदा कॉम्प्युटरवर, एकदा प्लेस्टेशनवर. आपला हिरो कुठल्या तरी विहिरीपाशी उभा आहे एवढंच त्याला सांगता येतं. स्टीमचा नियम असा की घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल, तर पैसे परत. याच्या जवळजवळ प्रत्येक गेमने दोन तासांची अट आजही काटेकोर पाळलेली आहे. चौदा दिवसांचं तेवढं जमत नाही.

वयाबरोबर त्याची आवडही बदलली. विशीत तो नुसती मुंडकी उडवायचा. आता त्याला शांतता हवी असते. हिंजवडी फेज थ्रीपासून वाकडपर्यंत गाडी रखडवून तो सव्वा तासाने घरी येतो, जेवतो आणि 'युरो ट्रक सिम्युलेटर टू' लावतो. चेक लोकांनी २०१२ साली काढलेल्या या गेममध्ये एकोणीसपट आकसलेला युरोप आहे, आणि त्या युरोपात हा मालाचा ट्रेलर ओढत पोलंडला जातो. तिथे तो लाल सिग्नलला थांबतो, इंडिकेटर देतो, लेन सोडत नाही. ट्रकचा ड्रायव्हर थकला की गेम त्याला झोप घ्यायला लावतो. हा सोफ्यावर जांभया देत त्या ड्रायव्हरला झोपवतो आणि स्वतः जागा राहतो.

मध्यंतरी त्याने 'पॉवरवॉश सिम्युलेटर' आणला होता. हातात पाण्याचा जोरदार फवारा, समोर मळलेली अंगणं, भिंती, गाड्या. धुवायचं, बस. तास-दोन तास तो इंच-इंच भिंत चकचकीत करत असताना वहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या. "आपली बाल्कनी याच्याने निघते का रे?" एवढंच विचारलं. तो गेम दुसऱ्या दिवशी दिसला नाही.

मग 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसाने वर्षानुवर्षं खपून केलेला, २०१६ साली आलेला. कंपनीतली नोकरी सोडून एक जण आजोबांच्या शेतावर राहायला जातो, इथून सुरुवात. म्हणजे आयटीतल्या प्रत्येक माणसाने मुळशीत प्लॉट बघताना पाहिलेलं स्वप्न, आणि सातबाऱ्याची भानगड नाही. तिथला अख्खा दिवस सुमारे चौदा मिनिटांत संपतो, तेव्हा हा गेम संसारी माणसाला सोयीचा वाटतो. मेख अशी की दिवस संपवून झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही. त्यामुळे 'एवढं सेव्ह करून आलोच' या वाक्यात एक संपूर्ण कृषिदिन दडलेला असतो: नांगरट, पेरणी, झारीने पाणी, विक्री. खिडकीतली तुळस मात्र वाळून कोळ झाली आहे.

मुलाला बापाच्या या छंदाचं कौतुक बेताचंच. तो मागे उभा राहून पाच मिनिटं बघतो आणि विचारतो, "बाबा, ईझीवर ठेवलंय?" बाबा सांगतात, आम्ही गोष्ट अनुभवतो. नंतर मुलाची 'माइनक्राफ्ट'ची अर्ध्या तासाची मुदत संपली की याच बाबांना गंभीर चेहऱ्याने पडदा बंद करायला सांगावं लागतं. "एवढं सेव्ह करून आलोच," असं आतून उत्तर येतं. काय बोलणार?

आणि घरातला खरा गेमर कोण हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तिच्याकडे कुणी त्या नजरेने बघितलेलंच नाही. आई. वय बहात्तर. 'कँडी क्रश', लेव्हल चार हजाराच्या पुढे. पाच जीव मिळतात, एक गेला की भरायला अर्धा तास. तिला ही रचना फार पसंत आहे. जीव संपले की कुकर लावायचा, भरले की शिट्ट्या मोजत खेळायचं. पोथीच्या आधी दोन, मालिकेच्या जाहिरातींत एक, बाकीचे भिशीतल्या बायकांकडून उसने. कुणी विचारलं तर "जरा मोबाईल बघत्ये" म्हणते, आणि विषय संपतो. तिने कधी ओटा आगाऊ पुसलेला नाही, कुणाला स्टेशनवर आणायला गेलेली नाही.

परवा रात्री साडेबाराला कडी वाजली. त्याने चटकन कंट्रोलर उशीखाली सारला. आई आली, मोबाईल घेऊन शेजारी बसली. झोप येत नव्हती आणि पाचही जीव भरले होते.

"तुला दिवसभर वेळ मिळतो कसा गं?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"मिळायचाय कसला? खेळून उरलेल्या वेळात कामं करत्ये," आई मान वर न करता म्हणाली. मग चष्म्यावरून टीव्हीकडे पाहिलं. तिथे थांबवता न येणाऱ्या राक्षसाने आपलं काम उरकलं होतं. "तो बघ, मेला तुझा. तुला जीव किती असतात रे?"

"कितीही. संपतच नाहीत."

"अगोबाई," आई म्हणाली, "मग इतकं घाबरून काय खेळतोस?"