राजमान्य निद्रानाश

दांडिया बाजारात आमच्या शेजारी एक काका राहतात. त्यांची ओळख करून देताना नावाआधी 'परमिटवाले' हे विशेषण लावायचं असतं. ते लावलं की समोरच्याचा नमस्कार आपोआप चार बोटं खाली येतो. बडोद्यात डॉक्टर, वकील, प्राध्यापक गल्लोगल्ली आहेत; परमिटवाला विरळा.

गुजरातेत दारूबंदी. मात्र चाळिशी गाठलेल्या माणसाची प्रकृती दारूवाचून ढासळते आहे, असं सरकारी डॉक्टरांना पटलं तर त्याला हेल्थ परमिट मिळतं. महिन्याचा कोटा ठरलेला, आणि वय वाढेल तसा तोही वाढतो. म्हातारपणी माणसाची किंमत वाढवणारं दुसरं सरकारी खातं माझ्या पाहण्यात नाही.

अडचण एवढीच की काका ठणठणीत. पहाटे कमाटीबागेत फेऱ्या, वर सूर्यनमस्कार. बरीच चर्चा होऊन निद्रानाश मुक्रर झाला. तपासणीच्या दिवशी काकूंनी त्यांना दाढी करू दिली नाही, चुरगळलेला सदरा घालायला दिला आणि बजावलं, "अहो, आत गेल्यावर सारखं हसू नका." काका हसले नाहीत. पण बाहेरच्या बाकावर नंबर लागेपर्यंत असे घोरायला लागले की शेजारचा खराखुरा रक्तदाबवाला उठून दुसरीकडे बसला. शेवटी शिपायाने खांदा धरून हलवलं. काका डोळे चोळत आत गेले आणि म्हणाले, "साहेब, ऊंघ नथी आवती."

परमिट मिळालं. डोळे लालभडक होते, हा पुरावा डॉक्टरांना पुरेसा वाटला असावा.

यात ओशाळण्यासारखं काही आहे हे काकांना मान्य नाही. ते थेट सयाजीरावांचा दाखला देतात. महाराजांना खरोखरच निद्रानाश होता. हवापालटासाठी ते १८८७ साली पहिल्यांदा युरोपला गेले आणि मग जातच राहिले. १९०० साली लॉर्ड कर्झनने परिपत्रक काढलं, की संस्थानिकांनी परदेशी जाण्याआधी सरकारची परवानगी घ्यावी. महाराजांना तो अपमान फार झोंबला. "म्हणजे बघ," काका म्हणतात, "झोप उडाली की सरकारची परवानगी काढायची, ही बडोद्याची जुनी रीत. त्यांना व्हाइसरॉय आडवा आला, मला शिपाई."

गेल्या हिवाळ्यात काका पुण्याला भाच्याकडे गेले. भाच्याने 'परमिट रूम'मध्ये नेलं. पाटी वाचून काकांचा ऊर भरून आला. तसं पाहिलं तर दोन्हीकडचा कायदा मूळचा एकच, १९४९चा मुंबई राज्याचा. १९६० साली राज्यं वेगळी झाली तेव्हा तोही वाटणीत दोघांकडे गेला. कागदोपत्री महाराष्ट्रातही पिणाऱ्याजवळ परवाना हवाच. पाटीवर तो आहेही.

काकांनी आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं परमिट काढलं, घडी उलगडून टेबलावर ठेवलं आणि पाठ ताठ करून बसले. वेटरने ते उलटसुलट करून पाहिलं.

"काका, इथे कूपन चालत नाही. काय आणू?"

"कूपन?" काकांचा आवाज चढला. "अरे, आधी वाच तरी! आजारी आहे मी!"

वेटर घाबरला आणि लिंबू सरबत घेऊन आला.